रमाबाई नगरचा इतिहास पात्रता यादीत मावत नाही

घाटकोपरचा इतिहास विचारला की ठरलेली उत्तरे मिळतात. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली ती याच बाजूने. मग मिठागरे, गुजराती-कच्छी व्यापाऱ्यांची वस्ती, देरासरे, बाजारपेठ. १९५० साली हे उपनगर मुंबई महापालिकेत सामील झाले. सगळे खरे आहे. पण या इतिहासात पश्चिमेचे चिरागनगर नसते, जिथल्या झोपडीत अण्णाभाऊ साठे राहिले, ज्यांनी 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. आणि पूर्वेला द्रुतगती महामार्गाला लागून असलेले माता रमाबाई आंबेडकर नगरही नसते. आलेच तर गोळीबाराच्या एका तारखेपुरते येते, तेही कुणाला आठवण झाली तर!

आज ही वस्ती उठते आहे. एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण यांनी मिळून रमाबाई नगर व कामराज नगरचा पुनर्विकास हाती घेतला आहे. पूर्वमुक्त मार्ग छेडानगरपासून ठाण्याच्या आनंदनगरपर्यंत न्यायचा आहे आणि त्याच्या आड ही घरे येतात. कुटुंबांची संख्या सतरा हजारांच्या घरात आहे. काही भागातील घरे रिकामी होऊन पाडलीही गेली. समाजबांधवांना ३०० चौरस फुटांचे पक्के, हक्काचे घर मिळत असेल तर त्याला आमचा विरोध नाही. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात उभे राहून ज्या माऊलीने पोरांची दप्तरे फळीवर ठेवली, तिला कुणी झोपडीचे मोठेपण सांगू नये. ते सांगणारे स्वतः सोसायटीत राहतात.

आमचा प्रश्न वेगळा आहे. घर मिळेल, पण वस्तीचे काय होईल?

११ जुलै १९९७ ची सकाळ आठवा. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला लोकांनी पाहिला. लोक जमले, महामार्गावर आले. त्यांची मागणी एकच होती, ज्याने हे केले त्याला पकडा. थोड्याच वेळात राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि गोळ्या सुटल्या. दहाजण ठार झाले, कित्येक जखमी झाले. काही गोळ्या तर गल्लीत, घराच्या दारात उभ्या असलेल्यांना लागल्या. राज्यात तेव्हा शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळीबार केला, असा बचाव झाला. न्या. गुंडेवार आयोगाने तो मानला नाही, गोळीबार असमर्थनीय ठरवला. चार दिवसांनी, १५ जुलैला, मुलुंडच्या आपल्या झोपडीत शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या मनोहर कदम या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली ती २००९ साली, म्हणजे बारा वर्षांनी. आणि पुढे उच्च न्यायालयात त्या शिक्षेला स्थगिती मिळून तो जामिनावर सुटला. आनंद पटवर्धन चौदा वर्षे कॅमेरा घेऊन फिरले आणि 'जय भीम कॉम्रेड' झाला म्हणून निदान जगाला कळले. आपल्यातल्या किती शिकल्यासवरलेल्यांनी या वस्तीवर चार पाने लिहिली?

पण रमाबाई नगर म्हणजे फक्त तो एक दिवस नव्हे. रमाईचे नाव वस्तीला द्यायचे हे कुणी, कुठे बसून ठरवले? पहिला नळ कधी आला, त्यासाठी महापालिकेच्या कार्यालयात किती चकरा झाल्या? विहारासाठी वर्गणीची पावती किती रुपयांची फाडली जायची? दिवसभर बिगारी करून रात्री भजनी मंडळात, गायन पार्टीत कोण बसायचे? गावाहून आलेल्या नात्यातल्या मुलाला दहावीपर्यंत कुणी सांभाळले? हाच या उपनगराचा इतिहास आहे, आणि तो कुठल्याही कार्यालयाच्या फायलीत नाही. तो म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. ही माणसे आता भाड्याच्या खोल्यांत पांगतील, कुणी पोराकडे, कुणी गावी.

सरकारदरबारी या वस्तीचा जो इतिहास उरेल त्याला म्हणतात परिशिष्ट दोन! झोपडी क्रमांक, धारकाचे नाव, पुरावा, पात्र किंवा अपात्र. आधी १ जानेवारी १९९५ ची तारीख होती, मग २००० ची झाली, मग २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर देण्याची तरतूद आली. ज्याच्याकडे त्या तारखेच्या आधीचा कागद आहे तो इथे राहत होता; ज्याचा कागद पुरात वाहून गेला तो जणू जन्मलाच नाही. म्हणून ज्यांना अपात्र ठरवले जाईल त्यांच्यासाठीसुद्धा शेजाऱ्यांच्या आठवणी लिहून ठेवणे गरजेचे आहे. अपिलात त्या आठवणी किती टिकतील ते टिकतील, पण वस्तीने तरी आपल्या माणसाला अपात्र म्हणू नये.

आणखी एक. पुतळा, शहीद स्मारक आणि विहारे यांची जागा मंजूर नकाशावर रेषा मारून, चौरस मीटर लिहून दाखवली जाते की नाही, हे पुढाऱ्यांच्या भाषणावर सोडू नका. 'स्मारक भव्य होईल' हे वाक्य आपण फार ऐकले आहे. २०१६ च्या जूनमध्ये दादरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रेस एका रात्रीत जमीनदोस्त झाले, तेव्हा आपण दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यावर पोहोचलो होतो. नव्या इमारतींच्या पाटीवर माता रमाबाई आंबेडकर नगर हेच नाव पाहिजे, कुठल्या 'हाइट्स'चे नको. हेही लेखी घ्या.

वस्तीत शिकलेली मुले-मुली पुष्कळ आहेत. हातात मोबाईल आहे. एका गल्लीला दोघे, एवढे पुरे. ज्या आजीच्या ट्रंकेत फोटोपास, रेशनकार्ड आणि विहाराच्या वर्गणीची पावती एकाच पिशवीत गुंडाळून ठेवलेली आहे, तिच्यापासून सुरुवात करा. तिची खोली रिकामी करण्याची नोटीस येण्याआधी.