रायफलीआधी परवाना पाहा

तूर फुलावर आली की वलगाव शिवारात जागल सुरू होते. पेढीच्या काठाने रात्री रानडुकरे शिरतात, नाहीतर रोही. सकाळी पाहावे तर अर्धे वावर आडवे. अशात नवी रायफल निघाल्याची खबर पारावर येते आणि जुने शिकारी, गांजलेले कास्तकार, सारेच कान टवकारतात. "एक घेऊनच टाकू बाप्पा!"

घ्याल, पण कोणत्या परवान्यावर? शौकाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने संपली. पीक खाणारे डुक्कर मारायलाही वनखात्याची लेखी परवानगी लागते. १९५९ चा शस्त्र कायदा पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक देतो. ती पुरत नाही असे अधिकाऱ्याला पटले तर साध्या नळीची दुसरी. रायफल त्यात बसत नाही. दुकानदार हे आधी सांगेलच असे नाही.

कायद्याचे सोडा. छर्रा थोड्या अंतरावर दम टाकतो, .३१५ ची गोळी मैलभर जाऊ शकते. आपल्या सपाट काळ्या रानात तिला अडवायला टेकडी नाही, आणि पलीकडच्या तुरीत कोणाचा जागल्या निजला आहे, हे अंधारात दिसत नाही. तो पैसा कुंपणाला लावावा, असे आमचे मत आहे. कुंपणात वीज मात्र सोडू नये.

पण नुसते 'नको' म्हटल्याने कास्तकाराचे वावर वाचत नाही. परवानाधारक बंदूकवाल्यांची यादी वनखात्याने ग्रामपंचायतीत लावावी, आणि अर्ज आल्यावर परवानगी त्याच आठवड्यात द्यावी. तूर थांबत नाही.