नऊ विजय आणि एक नकार

जिंकलेल्या संघांच्या गोष्टी आपण मुलांना हौसेने सांगतो. जिंकूनही ज्यांनी बक्षीस नाकारले, त्यांच्या गोष्टी मात्र मागे पडतात, कारण त्यांच्या कपाटात दाखवायला चषक नसतो. अशाच एका संघाची गोष्ट आज सांगावीशी वाटते. गोष्ट अमेरिकेतली, १९५१ सालातली. पण वाचताना ती फार परकी वाटेल, असे मला वाटत नाही.

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ हे जेझुइट पाद्र्यांचे. मुंबईचे झेवियर्स कॉलेज ज्या संघाने काढले, त्याच संघाची ही संस्था. विद्यार्थी थोडे, पैसा बेताचा. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि पायापेक्षा हातात जास्त. तो छातीशी धरून समोरच्या धिप्पाड गड्यांच्या भिंतीतून पळत सुटायचे. आपल्या कबड्डीपटूंना या खेळातली झटापट लगेच कळेल.

जो कुहॅरिक हे प्रशिक्षक. संघात जिनो मार्केटी होता, जो दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या आघाडीवर लढून आला होता. युद्धावरून परतलेल्या तरुणांमुळे त्या काळी अमेरिकेतली कॉलेजे भरली होती. ताडमाड उंचीचा बॉब सेंट क्लेअर होता. आणि दोघे कृष्णवर्णीय होते : ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर. मॅटसन चेंडू घेऊन त्या मोसमात १,५६६ यार्ड धावला. देशातल्या कोणत्याही कॉलेजात त्या वर्षी एवढे कोणी धावले नव्हते. संघ नऊ सामने खेळला आणि नऊही जिंकला. न्यू यॉर्कला जाऊन फोर्डहॅमलाही हरवून आला.

मोसम संपला की नववर्षाच्या सुमाराला तिकडे ‘बोल’ सामने होतात. त्यांत खेळायला निमंत्रण लागते. मान मिळतो आणि कॉलेजच्या तिजोरीत घसघशीत रक्कमही पडते. यातले काही मोठे सामने दक्षिणेतल्या शहरांत होत, आणि दक्षिणेत तेव्हा काळ्या-गोऱ्यांच्या शाळा, बाकडी, पाण्याचे नळसुद्धा वेगळे होते. संघाला निरोप आला तो असा : या, पण त्या दोघांना घरी ठेवून या.

खेळाडूंनी पुढे अनेक मुलाखतींत सांगितले आहे की, यावर चर्चा करायची वेळच आली नाही. सगळे जातील, नाहीतर कोणीच जाणार नाही. या संघाचे प्रतिस्पर्धी दुबळे होते, म्हणून बोलावले नाही, असेही तेव्हा सांगितले गेले. मी आयुष्यभर बँकेत कर्जाच्या अर्जांवरचे शेरे वाचले आहेत. खरे कारण लिहिण्याजोगे नसले, की लिहिण्याजोगे दुसरे कारण सापडतेच.

नकाराची किंमत मोजावी लागली. फुटबॉलचा विभाग आधीच तोट्यात होता. बोल सामन्याचे पैसे आले असते तर कदाचित निभावले असते. ते आले नाहीत, आणि त्या मोसमानंतर विद्यापीठाने तो संघच बंद केला. बँकेच्या भाषेत हा व्यवहार निव्वळ घाट्याचा होता.

मला महत्त्वाचे वाटते ते हे, की हा नकार मॅटसन आणि टोलर यांचा नव्हता. ज्याचा अपमान होतो, त्याने नकार दिला की लोक त्याला ताठर म्हणतात, भांडखोर म्हणतात. इथे नकार दिला तो ज्यांना निमंत्रण होते त्यांनी. आपल्या ताटात वाढलेले नाकारणे अवघड असते.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एका तालुक्याच्या गावी आम्हा बँकवाल्यांना एका घरी जेवणाचे बोलावणे आले. ‘शिपाई सोडून सगळे या,’ असा निरोप होता. आमच्या हेडकॅशियरांनी चष्मा पुसत एवढेच सांगितले, ‘मग आज आमचे डबे आहेत म्हणावे.’ ना भाषण, ना निषेधाचा ठराव. त्या दिवशी शाखेत सगळ्यांनी एकत्र डबे खाल्ले.

पुढे काय झाले? मॅटसन १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये धावला आणि ४०० मीटरचे कांस्य व रिलेचे रौप्य घेऊन आला. याच हेलसिंकीत आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवले. त्यांना धाडण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले होते. दुसऱ्यासाठी तोटा सोसणारी माणसे तिकडेही होती आणि इकडेही.

मॅटसन, मार्केटी आणि सेंट क्लेअर हे तिघेही व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मानदालनात गेले. टोलरचा गुडघा १९५२ मध्ये दुखावला आणि खेळ संपला. तो शिक्षक झाला, मुख्याध्यापक झाला, आणि १९६५ मध्ये व्यावसायिक फुटबॉलमधला पहिला कृष्णवर्णीय पंच झाला. तेव्हा त्या लीगचे आयुक्त होते पीट रोझेल. १९५१ मध्ये ते याच विद्यापीठाच्या खेळांचे प्रसिद्धिप्रमुख होते.

विद्यापीठाने २००६ मध्ये त्या संघाला मानद डॉक्टरेट दिली. छान झाले. पण पंचावन्न वर्षांनी टाळ्या वाजवणे सोपे असते. त्या वेळी, पैशांची गरज असताना, विशीतल्या पोरांनी जे केले, ते कठीण होते.

आपल्याकडेही अशी निमंत्रणे येतात. लग्नाची येतात, सोसायटीतल्या घराची येतात, समित्यांची येतात. त्यांवर अट छापलेली नसते. कोणीतरी हळूच कानात सांगतो, ‘बाकी सगळे या हो, फक्त तेवढे एक...’ भेदभाव जिवंत राहतो तो या ‘फक्त’वर, आणि तो ऐकून मान डोलावणाऱ्या आपल्यासारख्या सभ्य माणसांवर. मुलांना नऊ विजय जरूर सांगावेत. पण दहावा सामना ते का खेळले नाहीत, हे सांगितल्याशिवाय गोष्ट संपवू नये.