लीग कोणाचा, ते आधी विचारा



पोखर्णीच्या मुलांनी या वेळी आम्हाला चांगलेच कामाला लावले आहे. नववीतल्या एका मुलीच्या हाती ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची समुद्राखालच्या सफरीची कादंबरी लागली. १८६९-७० सालची ही कादंबरी. तिच्या नावातच 'वीस हजार लीग' आहेत. मुलीने चिठ्ठी पाठवून विचारले, "वीस हजार लीग म्हणजे किती? तेवढ्यात चंद्र गाठता येईल का? आणि सूर्य?"

आपल्या परभणी जिल्ह्याला समुद्राचे वारे लागत नाही. तरी प्रश्न सोळा आणे खरा आहे, म्हणून आजची जागा त्याला.

लीग हे जुन्या दर्यावर्दींचे अंतराचे माप. इंग्रज खलाशी तीन सागरी मैलांना एक लीग म्हणत. एक सागरी मैल १,८५२ मीटरचा, म्हणजे लीग झाला ५ किलोमीटर ५५६ मीटर. वीस हजारांनी गुणले की १,११,१२० किलोमीटर. झाले उत्तर? नाही. व्हर्न फ्रेंच होते आणि त्यांच्या गोष्टीतला लीग चार किलोमीटरचा. म्हणून खरे उत्तर ८०,००० किलोमीटर. ही पाण्याची खोली नव्हे, पाण्याखालून केलेल्या प्रवासाची लांबी.

दोन उत्तरांत फरक पडला ३१,१२० किलोमीटरचा. पृथ्वीचा सगळा घेर ४०,००० किलोमीटर. म्हणजे 'लीग कोणाचा?' एवढे विचारायचे राहिले, तर पाऊण पृथ्वीहून मोठी चूक होते!

बंधू-भगिनींनो, ही गोष्ट आपल्या आज्या-पणज्यांना शाळेत न जाताही ठाऊक होती. खळ्यावर बलुते घेताना पायली कोणाची, शेर कोणाचा, यावर घरात भाकरी किती होणार ते ठरे. घ्यायचे माप एक आणि द्यायचे दुसरे, हा गावगाड्याचा जुना रिवाज. ज्याच्या हाती माप, त्याच्या हाती न्याय. ऑक्टोबर १९५६ मध्ये बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात देशात वजन-मापांचा कायदा झाला. किलो आणि मीटर सर्वांना सारखे झाले. पाटलाचा मीटर मोठा आणि मजुराचा लहान, असे आता कोणी म्हणू शकत नाही. समतेचे हेही एक पाऊल आहे.

समुद्रावरही असेच घडले. निरनिराळ्या देशांचे सागरी मैल थोडे थोडे वेगळे होते. १९२९ साली मोनॅको येथील परिषदेत १,८५२ मीटर हा आकडा ठरला. तो हवेतून आणलेला नाही. वर्तुळाचे ३६० अंश, एका अंशाच्या ६० कला, मिळून २१,६०० कला. पृथ्वीच्या ४०,००० किलोमीटर घेराला २१,६०० ने भागून पाहा, सुमारे १.८५२ येतील. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल.

आता गंमत पाहा. पोखर्णी एकोणिसाव्या अक्षांशाच्या जरा वर आहे. १९ गुणिले ६०, झाले १,१४०. म्हणजे विषुववृत्तापासून आपले पोखर्णी १,१४० सागरी मैलांहून थोडे जास्त. बोट नाही, बंदर नाही, तरी अंतर काढता आले!

आता आकाशाकडे वळू. पृथ्वी ते सूर्य या सरासरी अंतराला खगोलीय एकक म्हणतात. २०१२ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने ते कायमचे ठरवले: १४ कोटी ९५ लाख ९७ हजार ८७० किलोमीटर आणि ७०० मीटर. त्याला १.८५२ ने भागले की सुमारे ८ कोटी ७ लाख ७६ हजार सागरी मैल. पुन्हा तीनने भागले की सुमारे २ कोटी ६९ लाख २५ हजार इंग्रजी लीग.

एवढा आकडा डोक्यात मावत नाही, म्हणून ओळखीचे माप घेऊ. १९३० साली गोलमेज परिषदेसाठी बाबासाहेब बोटीने विलायतेला गेले. मुंबई ते लंडन हा सुएझमार्गे सागरी रस्ता सुमारे सव्वासहा हजार सागरी मैलांचा. तो रस्ता जवळजवळ १२,९०० वेळा कापला, तर एक खगोलीय एकक भरते. तासाला पंधरा सागरी मैल चालणारी बोट रात्रंदिवस हाकली, तरी सूर्यापर्यंत सहाशेहून अधिक वर्षे लागतील. प्रकाश तेवढेच अंतर ८ मिनिटे १९ सेकंदांत कापतो. तोच प्रकाश वर्षभर धावला, की एक प्रकाशवर्ष, म्हणजे सुमारे ६३,२४१ खगोलीय एकके. याहून मोठे माप पार्सेक, सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षांचे. तेही कोनातूनच निघते. सागरी मैल पृथ्वीच्या एका कलेचा, पार्सेक आकाशातल्या एका विकलेचा. दोन्हींची किल्ली कंपास पेटीतल्या कोनमापकात आहे.

तर मुली, तुझे उत्तर असे. ८०,००० किलोमीटर म्हणजे चंद्राच्या वाटेचा सुमारे पाचवा हिस्सा. सूर्याच्या वाटेचे १,८७० भाग केले, तर त्यातला एक.

जाता जाता एक कडू गोष्ट. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या काही घरांतही अजून साडेसातीची भीती आहे. मुलीचे लग्न लांबले, पोरगा नापास झाला, की शांतीसाठी उसनवारी होते. शनी सूर्यापासून सुमारे साडेनऊ खगोलीय एकके दूर आहे. आपल्या त्या बोटीला तिथे पोचायला ५,८०० वर्षे लागतील. एवढ्या लांबून तो आपल्या पोराच्या प्रगतिपुस्तकात लाल रेघ ओढत नाही. शांतीचे ते पैसे वह्या-पुस्तकांना लावा, शिकवणीला लावा.

मुलांसाठी गृहपाठ: नकाशात आपल्या तालुक्याच्या गावाचा अक्षांश पाहा, त्याच्या कला करा आणि विषुववृत्तापासूनचे अंतर सागरी मैलांत, मग किलोमीटरमध्ये, मग खगोलीय एककात काढा. शेवटचा अपूर्णांक फार लहान येईल, भिऊ नका. रविवारी वंदनेनंतर विहारात एकमेकांच्या वह्या तपासा. आईला अक्षर येत नसेल, तर तिला तोंडी समजावून सांगा. तिला कळले, म्हणजे तुम्हाला आले.

जयभीम!