छापा, काटा आणि मेलेला मासा



नांदेड-लातूर रस्त्यावर लोह्याच्या पुढे आमची शाळा आहे. परवा शाळा सुटताना चौथीतल्या एका मुलाची आई आली. त्याच्या आजोबांच्या डोक्याचा एमआरआय नुकताच नांदेडला काढला होता. ती म्हणाली, "गुरुजी, ह्याच्या बी मेंदूचा फोटू काढला तर कळंल का, ह्याला भागाकार काहून जमत नाही ते?" मुलगा मान खाली घालून अंगठ्याने माती उकरत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात एक खेळ खेळलो. मुलं होती 32. प्रत्येकाने नाणं पाच वेळा उडवायचं. झालं, एका मुलीला पाचही वेळा छापा! "गुरुजी, हिच्या हातात जादू आहे!" एकच गिल्ला झाला.

आता हिशोब करा. एकदा छापा पडण्याची शक्यता दोनात एक, लागोपाठ दोनदा चारात एक, तीनदा आठात एक, चारदा सोळात एक, पाचदा बत्तिसात एक. आणि नाणं उडवणारे किती? बत्तीसच की! मग कुणा एकाला पाच छापे पडले तर नवल कसलं? त्याच मुलीला मी पुन्हा नाणं उडवायला लावलं. पहिलाच पडला काटा. जादू संपली!

मेंदूच्या चित्रांतही नेमकी हीच गफलत होऊ शकते. आजोबांच्या एमआरआयमध्ये मेंदूची ठेवण दिसते. फंक्शनल एमआरआय नावाचा दुसरा प्रकार आहे. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे प्राणवायू असलेलं रक्त जास्त जातं आणि यंत्राच्या लोहचुंबकाला तो फरक कळतो. ही युक्ती जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी 1990 साली दाखवली. पण फरक असतो अगदी बारीक. डोकं जरासं हललं, श्वास घेतला, तरी आकडे बदलतात. शिवाय संगणक मेंदूचे खडीसाखरेसारखे हजारो खडे पाडतो आणि प्रत्येक खड्याला वेगळं विचारतो, "तू कामाला लागलास का?" हजारोंना विचारलं की काही खडे उगाचच "हो" म्हणणार. आपल्या पाच छाप्यांसारखे!

अमेरिकेतल्या क्रेग बेनेट आणि त्यांच्या सोबत्यांनी 2009 साली याची गंमतच दाखवली. त्यांनी यंत्रात दीड फुटी सालमन मासा ठेवला. तोही मेलेला! त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि विचारलं, "या माणसाच्या मनात काय चाललंय?" मासा काय बोलणार? पण 8064 खड्यांपैकी 16 खडे म्हणाले, "आम्ही कामाला लागलो!" मग त्यांनी एवढ्या सगळ्या खड्यांचा हिशोब धरून अट कडक केली. सोळाही ठिपके पुसले गेले! या कामाला 2012 साली इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हे बक्षीस देतात.

अट कडक करायची म्हणजे काय? जादू मानायला पाच नव्हे, लागोपाठ दहा छापे मागायचे. तशी शक्यता 1024 मध्ये एक. मग बत्तीस मुलांत कुणी सहजासहजी फसवू शकत नाही. आणि तरीही शंका राहिलीच, तर पुन्हा करून बघायचं.

त्या आईला मी सांगितलं, "ताई, असली चित्रं बहुतेक वेळा पुष्कळ माणसांची मिळून अभ्यासतात. एकट्या पोराचा भागाकार कुठं अडला, ते त्यात दिसायचं नाही. आधी वही बघू." मी त्याला दहा भागाकार घातले. सहा बरोबर, चार चूक. त्या चारही उत्तरांत मधे शून्य यायला हवं होतं! 612 भागिले 6 याचं उत्तर त्याने 12 लिहिलं होतं, यायला हवं 102. एकदा चुकला असता तर योगायोग म्हटलं असतं, पण चारही वेळा तीच चूक? इथे कारण सापडलं. पोरगं ढ नव्हतं, फक्त शून्य गाळत होतं. आठ दिवसांत त्याची गाडी रुळावर आली.

पालकांनो, एका पेपरवरून लेकराला ढ किंवा हुशार ठरवू नका. आणि मुलांनो, वर्गात नाण्यांचा हा खेळ नक्की खेळा. किती जणांना पाच छापे पडले, ते मला कळवा. भेटू पुढच्या आठवड्यात!

तुमचे गुरुजी