गिटारवरची प्रार्थना

मागच्या गॅदरिंगची गोष्ट. आमच्या बॅचमधला एक मुलगा आणि फर्स्ट इयरची त्याची बहीण, दोघांनी गाण्यासाठी नाव दिलं. तो गिटार वाजवतो, ती गाते. गाणं येशूचं, चाल एकदम रॉक. सिलेक्शनला कुणीतरी म्हणालं, "देवाचं गाणं असं ड्रम बडवून म्हणतात का बे?" दुसरा म्हणाला, "धार्मिक नकोच." शेवटी दोघांनी सिनेमातलं गाणं म्हटलं. टाळ्याही पडल्या. पण मला ते अजून टोचतं.

मी कॉन्व्हेंटची. सकाळी असेंब्लीत प्रार्थना, संध्याकाळी घरी आजीचा हरिपाठ. दोन्हींमुळे माझं काही बिघडलं नाही. (मराठी शुद्धलेखन सोडून! ते सांभाळून घ्या.)

आधी ड्रमचं बघू. रेव्हरंड ना. वा. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. त्यांनी ख्रिस्ताची गाणी आपल्या अभंग-भजनाच्या वळणाने लिहिली. त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं, तेव्हा लक्ष्मीबाईंनी 64 अध्याय लिहून ते पुढे नेलं. म्हणजे श्रद्धेचं गाणं घरातल्या माणसांनी मिळून रचायचं, तेही लोकांच्या ओठावरच्या चालीत, हे आपल्याकडे जुनंच आहे. टिळकांच्या काळात टाळ-मृदंग होता, आज गिटार आहे.

आणि आपला जिल्हा तरी काय वेगळा? प्रल्हाद शिंदे मंगळवेढ्याकडचे. एकाच गळ्याने विठ्ठलाची गाणी गायली आणि बाबासाहेबांचीही. मग आनंद-मिलिंद ही भावांची जोडी आली, आता नातवंडं गातात. जयंतीला कीबोर्ड आणि ढोलकी दणाणते, तेव्हा श्रद्धा कमी झाली असं कोण म्हणतं?

परदेशातही हेच. जोएल आणि ल्यूक स्मॉलबोन हे भाऊ मूळचे ऑस्ट्रेलियाचे. वडील ख्रिस्ती संगीताचे कार्यक्रम भरवायचे. त्यात मोठं नुकसान झालं आणि सगळं कुटुंब अमेरिकेत नॅशव्हिलला गेलं. सुरुवातीला त्यांनी लोकांची घरं साफ केली, अंगणं झाडली. या भावांच्या 'फॉर किंग अँड कंट्री' बँडला 2015 मध्ये ग्रॅमी मिळालं. अशी गाणी हौसेपुरती नसतात, घरानं सोसलेलं त्यात असतं.

आता दुसरा मुद्दा. "स्टेज सगळ्यांचं, तिथे प्रचार नको." हे मला पटतं. पण मग नियम सगळ्यांना सारखा हवा. हॉस्टेलच्या गणपतीत आपण स्पीकरवर आरत्या लावतो, तेव्हा कुणी 'धार्मिक' म्हणत नाही. गॅदरिंगची सुरुवातही आपण गणेशवंदनेनेच करतो. ते आपल्याला नेहमीचं वाटतं, कारण ते आपलं असतं. माझ्या मते दोनच अटी पुरेत. गाण्यात दुसऱ्याच्या देवाची निंदा नको, आणि ज्याला ऐकायचं नाही त्याला उठून जाता यावं. एवढं पाळलं तर अभंग होऊ दे, कव्वाली होऊ दे, भीमगीत होऊ दे, नाहीतर येशूचं रॉक.

एक सांगायचं राहिलं. त्या सिलेक्शनच्या टेबलावर मीही बसले होते. हे सगळं मला तेव्हाही ठाऊक होतं आणि मी एक शब्द बोलले नाही. यंदा त्या दोघांकडे फॉर्म घेऊन मीच जाणार आहे. ते "हो" म्हणतील की नाही, माहीत नाही. म्हणाले, तर तुम्ही निदान एक गाणं होईपर्यंत बसाल ना?