गुण कागदाला, भाव बाजाराला

मंडळी, परवा नातू म्हणाला, "आजोबा, तुमच्या जुन्या नोटा ग्रेडिंगला पाठवूया, भाव वाढेल." आधी हसू आलं, मग राग. आमच्या नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापतात. आता परदेशी कंपनी त्यांना ७० पैकी गुण देणार!

जन्मभर पेपर तपासले, म्हणून सांगतो: गुण कागदाला मिळतात, भाव लोकांच्या खिशावर ठरतो. अमेरिकेतल्या खेळाडूंच्या कार्डांचंच बघा. २०२०-२१ मध्ये लोक घरी बसलेले, पैसा स्वस्त. पीएसए या तपासणाऱ्या कंपनीकडे इतके ढीग साचले की मार्च २०२१ मध्ये तिने बहुतेक नवं काम घेणंच थांबवलं. पुढे व्याजदर चढले आणि कित्येक नव्या कार्डांचे भाव कोसळले. कार्ड तेच, गुणही तेच!

बुडालं कोण? चढ्या भावात घेणारा हौशी माणूस. कंपनीची फी आधीच वसूल झालेली.

नातवाला म्हटलं, पेन्शनीतून ही फी मी भरणार नाही. ही एक रुपयाची नोट घे, तिच्यावर गव्हर्नरची नाही, वित्त सचिवांची सही असते. का, ते शोधून काढ. संग्रह त्यासाठी असतो, बाबा!