लाल शाईचे चार शेरे

माण-खटावात, जत-आटपाडीत पाऊस हुकला की पोरगं भरतीला पळतं. बाप मरायला टेकला म्हणून तेच पोरगं रजा संपूनही महिनाभर गावात राहतं. झालं, लाल शाईचा शेरा! असे चार झाले की डिस्चार्ज. पंधरा वर्षं भरली नसतील तर पेन्शन गेली. गाव म्हणतं, हाकललेला.

1892 च्या सुमारास तर आमच्या अख्ख्या जातीची भरती बंद केली. कसूर काय, तर जन्म! लष्करातूनच निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 ला अर्ज लिहिला. महार रेजिमेंट उभी राहायला 1941 उजाडलं. मग अर्जाची लाज आपल्याला कसली?

चार शेरे झाले म्हणून घरी धाडलंच पाहिजे असं नाही. वीरेंद्रकुमार दुबे खटल्यात 2015 ला सुप्रीम कोर्टानं बजावलंय, आधी चौकशी करा, नोकरी किती नि कसल्या खडतर ठाण्यावर झाली ते बघा. दुबेची नोकरी पेन्शनपुरती भरून धरली. (कोर्ट मार्शलनं बडतर्फ झालेल्याची वाट वेगळी, चढाची.)

तेव्हा डिस्चार्ज बुक पेटीच्या तळाशी पुरू नका. मुंबईत सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. मुदत सहा महिन्यांची. उशीर झाला असला तर त्याचं कारण लिहा. आणि शेरा मारणाऱ्यानं बाकीच्यांच्या रजेचं काय केलं, तेही विचारा. ते रजिस्टर उघडू द्या.